अक्षर कुणाचे, साक्ष कुणाची? हस्ताक्षरी टंक आणि मोडीचा हात

१.
नागपूरच्या दक्षिण अंगाला हुडकेश्वर आहे. एके काळचे शेताभातांचे गाव, आता महापालिकेच्या हद्दीतली दाट वस्ती. इथल्या रस्त्यावरच्या पाट्या वाचत जा: शिकवणी वर्ग, केकचे दुकान, पाळणाघर, चहाची टपरी. कितीतरी फलकांवर किंचित तिरके, गोलसर टोकांचे, कुणीतरी घाईघाईने लिहिल्यासारखे देवनागरी अक्षर दिसते. आता हातातला फोन पाहा. पिवळट कागदाच्या चित्रावर हुबेहूब तेच अक्षर असते आणि त्याखाली मथळा असतो 'अस्सल ऐतिहासिक पत्र'. पाटीवर ते अक्षर शोभते. पत्रावर ते खोटी साक्ष देते. मित्रहो, आजचा हा धागा याच फरकाविषयी आहे.

२.
प्रथम शब्द स्पष्ट करू. छपाईसाठी किंवा संगणकासाठी घडवलेल्या अक्षरसंचाला आपण 'टंक' म्हणू. रोजच्या बोलण्यात आपण त्याला फॉन्ट म्हणतो. जो टंक हाताने लिहिल्याचा भास निर्माण करतो, तो 'हस्ताक्षरी टंक'. येथे विषय सुलेखनाच्या दरबारी, नटव्या अक्षराचा नाही. वहीच्या मागच्या पानावर, किराण्याच्या यादीवर, मित्राच्या चिठ्ठीवर जे सैल, अनौपचारिक अक्षर उमटते, त्याची नक्कल करणाऱ्या टंकाचा आहे.

३.
देवनागरीतले त्याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे 'कलम'. इंडियन टाइप फाउंड्रीने हा टंक २०१४ साली प्रसिद्ध केला. लिपी रावल आणि जॉनी पिनहॉर्न हे त्याचे रचनाकार. अक्षरांचा सांगाडा उभा, पण झोक थोडा तिरका. रेषांची टोके गोल आणि किंचित निमुळती. बारीक, साधा आणि ठळक अशा तीन वजनांत तो मिळतो. प्रत्येक वजनात जोडाक्षरांसह हजाराहून अधिक आकार घडवलेले आहेत. तो विनामूल्य आणि मुक्त परवान्याचा असल्यामुळे फ्लेक्स छापणाऱ्याच्या दुकानापासून शाळेच्या सादरीकरणापर्यंत सर्वत्र पोहोचला.

४.
त्याच्या वापराचे मर्म एका वाक्यात सांगता येते: हस्ताक्षरी टंक अंतर कमी करतो. चित्रकथेतला संवाद, बालपुस्तकातली टीप, खाद्यपदार्थाच्या वेष्टनावरचा घरगुती सूर, नकाशावर कडेला केलेली नोंद, वाढदिवसाचे आमंत्रण अशा ठिकाणी मजकूर कुणीतरी आपल्यालाच उद्देशून लिहिल्यासारखा वाटतो. मथळा आणि चार ओळी, एवढा त्याचा पल्ला. पानभर मजकुरात तो डोळ्यांना शिणवतो. न्यायालयीन नोटीस, औषधाची मात्रा, स्मृतिफलक येथे तो विसंगत ठरतो, कारण तिथे जवळिकीपेक्षा जबाबदारी महत्त्वाची असते.

५.
हा विसंगतीचा धडा जगाने 'कॉमिक सॅन्स'वरून घेतला. व्हिन्सेंट कॉनेअर यांनी तो १९९४ साली मायक्रोसॉफ्टसाठी केला. पडद्यावर बोलणाऱ्या एका कार्टून कुत्र्याच्या संवादफुग्यांना गंभीर पुस्तकी अक्षर शोभत नव्हते, हे त्याचे निमित्त. फुग्यासाठी जन्मलेले अक्षर पुढे कार्यालयीन सूचनांवर आले आणि हास्यास्पद ठरले. जुलै २०१२ मध्ये हिग्ज बोसॉनविषयीची ऐतिहासिक घोषणा झाली, तेव्हा एका शास्त्रज्ञ चमूच्या सादरीकरणात हाच टंक होता. शोधाइतकीच चर्चा अक्षराचीही झाली. अक्षर मजकुराआधी बोलते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचित सापडेल.

६.
हाताचे अक्षर साच्यात ओतण्याची हौस मात्र संगणकाहून फार जुनी आहे. १५०१ साली व्हेनिस येथे आल्दुस मानुतियुसने व्हर्जिलच्या काव्याची छोटी, हातात मावणारी आवृत्ती काढली. तिच्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफोने तिरक्या, वाहत्या अक्षरांचे खिळे कोरले होते. हे अक्षर विद्वानांच्या आणि दफ्तरांतल्या लेखनिकांच्या जलद हस्ताक्षरावर आधारलेले होते. आज आपण ज्याला 'इटॅलिक' म्हणतो, ते हेच. कचेरीतला धावता हात छपाईत शिरला, तिथे रुळला आणि उभ्या अक्षराचा कायमचा जोडीदार झाला.

७.
विसाव्या शतकात याचे आणखी मोकळे रूप आले. फ्रान्सच्या रोजे एक्सकोफॉन यांनी १९५३ साली स्वतःच्या हस्ताक्षरावरून 'मिस्त्राल' टंक केला. धातूचा प्रत्येक खिळा वेगळा, तरी छापल्यावर अक्षरे एकमेकांना बिलगलेली दिसत. सुटे तुकडे जोडून अखंड रेषेचा आभास साधायचा, हे अवघड कौशल्य त्यात होते. हे ध्यानात ठेवा. मराठीच्या बाबतीत सगळे याच गाठीपाशी अडले.

८.
कारण आपल्याकडेही कचेरीतला धावता हात होता, आणि तो शतकानुशतके मराठीचा व्यवहार वाहत होता. त्याचे नाव मोडी. बोरू दौतीत बुडवावा, कागदावर आडवी शिरोरेषा आधी ओढून घ्यावी आणि तिच्याखाली अक्षरे लटकवीत जावे. हात शक्यतो उचलायचा नाही. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हे जवळजवळ नाहीत, इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. अक्षरे मोडून, वळवून लिहायची म्हणून मोडी, अशी तिच्या नावाची रूढ उपपत्ती आहे. फार्सीच्या जलद लेखनशैलीचे 'शिकस्ता' हे नावही 'मोडलेली' याच अर्थाचे आहे. वेगाने लिहिणाऱ्या माणसाला अक्षर मोडावे लागते, हे इराणात आणि महाराष्ट्रात सारखेच कळले होते.

९.
तिच्या शेजारी बालबोध होती. ग्रंथ, स्तोत्रे, संस्कृत पोथ्या बालबोधीत आणि पत्रे, हिशेब, वतनाचे कागद मोडीत, अशी ढोबळ वाटणी होती. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे आणि काळेभोर असावे, आरंभीचे अक्षर जसे, तसेच ग्रंथ संपेपर्यंतचे असावे, अशी त्यांची अपेक्षा. म्हणजे मुद्रणयंत्र नसताना बालबोध लिहिणारा हात यंत्राच्या सातत्याचा ध्यास घेत होता. आज आपण उलट करतो. यंत्राकडून सातत्य फुकट मिळते, म्हणून त्याला हाताची चूक शिकवतो. हस्ताक्षरी टंक म्हणजे त्या समासाची आरशातली प्रतिमा.

१०.
मोडीचा हात मात्र सातत्याच्या भानगडीत पडला नाही, आणि त्यातच तिची ऐतिहासिक किंमत आहे. यादवकालीन, बहमनीकालीन, शिवकालीन, पेशवेकालीन, आंग्लकालीन अशी तिची वळणे अभ्यासक ओळखतात. पेशवाईतच चिटणिसी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी अशा शैली झाल्या. एखाद्या पत्रावर तारीख नसली, तरी अक्षराचे वळण, शिरोरेषेची लांबी, बोरूच्या कापाने बदलणारी जाडी यांवरून काळाचा अंदाज बांधता येतो. मजकूर चिटणिसाच्या हाताचा, शेवटचे मोर्तब धन्याचे, मध्येच कुणा दुसऱ्याने घुसडलेली ओळ, हे सारे रेषा सांगते. मजकूर खोटे बोलू शकतो. हाताला खोटे बोलणे त्याहून कठीण जाते.

११.
मग ही लिपी छपाईत गेलीच नाही का? गेली होती, आणि पहिल्याच पिढीत. बंगालमधल्या श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले, ते देवनागरीत. पाच वर्षांनी, १८१० साली, त्यांचा मराठी शब्दकोश आला, त्यातले मराठी शब्द मोडी खिळ्यांनी छापलेले होते. कॅरींचे साहाय्यक पंडित होते वैजनाथ शर्मा. पुढच्या काही वर्षांत श्रीरामपुराहून मोडीत जी मराठी पुस्तके निघाली, त्यांत 'सिंहासन बत्तिशी', 'हितोपदेश' यांच्याबरोबर रघुजी भोसल्यांची वंशावळीही होती. नागपूरकरांनी हे विसरू नये. आपल्या राजघराण्याची वंशावळ मराठी मुद्रणाच्या पहाटेच छापली गेली, आणि ती मोडीत.

१२.
पण प्रयोग टिकला नाही. त्याचे एक कारण यंत्रशास्त्रीय आहे. धातूच्या खिळ्याला चार सरळ बाजू असतात. अक्षराने त्या चौकटीत बसावे, शेजाऱ्याशी फार सलगी करू नये, अशी त्याची अट. मोडीचे सारे सौंदर्य त्या सलगीतच आहे. तिथे काना मागच्या अक्षरातून उगवतो, 'र' शेजाऱ्यानुसार रूप पालटतो. मिस्त्रालच्या कर्त्याने जी गाठ रोमनच्या मोजक्या अक्षरांसाठी सोडवली, ती इथे शेकडो जोडण्यांसाठी सोडवावी लागली असती. बालबोधीचे खिळेही सोपे नव्हते, पण तिची अक्षरे सुटी उभी राहतात.

१३.
दुसरे कारण व्यवहाराचे. बालबोधीचा एक संच ओतला की मराठी, संस्कृत, हिंदी सारे छापता येई. मोल्सवर्थचा १८३१ सालचा मराठी-इंग्रजी कोश बालबोधीत आला. शालेय पुस्तके बालबोधीत आली. जावजी दादाजींनी मुंबईत १८६४ साली अक्षरओतणीचा कारखाना आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांच्या सुबक खिळ्यांनी देवनागरीचे जे रूप घडवले, तेच पुढच्या पिढ्यांना 'मराठी अक्षर' वाटू लागले. मोडी दफ्तरांत आणि दुकानांच्या चोपड्यांत राहिली. शाळांत तिची वाचनपुस्तके चालत होती. विसाव्या शतकाच्या मध्यास तिथूनही ती मावळली.

१४.
म्हणून माझे पहिले मत असे: मोडी 'किचकट' होती म्हणून मागे पडली, हे आपण पाठ केलेले उत्तर अर्धवट आहे. दफ्तरी हात छपाईत कसा रुळवावा याचे उदाहरण युरोपने १५०१ सालीच घालून दिले होते. आपल्याकडे तो हात साच्यात बसवण्याचा प्रयत्न परक्या प्रांतात, मिशनऱ्यांच्या छापखान्यात झाला आणि थोडक्यात आटोपला. त्यामुळे मराठीला उभे पुस्तकी अक्षर मिळाले, पण त्याचा धावता जोडीदार मिळाला नाही. आज मराठीत जोर द्यायचा असेल तर आपण बालबोध अक्षरच तिरपे करतो. तो आकार कोणत्याही मराठी हाताने कधी लिहिलेला नाही.

१५.
आता एक योगायोग पाहा. ज्या २०१४ साली 'कलम' प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्वतःचे स्थान मिळाले. अंशुमन पांडे यांच्या प्रस्तावामागे मोठा अभ्यास होता. श्रीरामपूरच्या कारागिराला जे जमवायला खिळ्यांचा ढीग लागला असता, ते आता संगणकाला नियम सांगून करता येते: अमुक अक्षरापुढे 'र' आला तर हे रूप, तमुक पुढे ते. दोनशे वर्षांपूर्वीची यांत्रिक सबब संपली आहे. तरीही पाटीवर, पुस्तकात, फोनवर अनौपचारिक मराठीचा चेहरा म्हणून आपल्याला मोडी दिसत नाही. दिसते ते हसरे, तिरके देवनागरी.

१६.
त्या देवनागरीशी माझे भांडण नाही. सुलेखनकार अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून तिचे वळण देवनागरीत आणले आणि 'मुक्तलिपी' घडवली. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत प्रत्येक शीर्षकाला वेगळे हातचे अक्षर दिले. मुंबईच्या लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून 'यात्रा वन' हा टंक झाला. या सगळ्यांत एक प्रामाणिकपणा आहे. हे अक्षर आजचे आहे, एका विशिष्ट हाताचे किंवा परंपरेचे ऋण मान्य करणारे आहे. ते जुने असल्याची बतावणी करीत नाही.

१७.
माझा आक्षेप बतावणीला आहे. फोनवर फिरणाऱ्या 'अस्सल पत्रां'त हस्ताक्षरी टंक पुराव्याचे सोंग घेतो. सोंग ओळखण्याच्या काही खुणा सांगतो.
• एकच अक्षर पत्रात चार ठिकाणी शोधा. चारही तंतोतंत एक असतील, तर तो टंक आहे. जिवंत हात एकच 'र' दोनदा सारखा काढत नाही.
• मोडीच्या म्हणवलेल्या पत्रात शब्दांमध्ये नीट जागा, स्वल्पविराम, उद्गारचिन्ह, ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या दिसल्या, तर कुणीतरी आजचा बालबोध मजकूर मोडी टंकात ओतला आहे.
• शिरोरेषा प्रत्येक शब्दावर तुटत असेल, तर ती आधी ओढलेली नाही.
• रेषेची जाडी सर्वत्र एकसारखी असेल, तर तिथे बोरू नव्हता.
• मूळ कागद कोणत्या संग्रहात, कोणत्या रुमालात आहे, हे खाली लिहिलेले नसेल, तर ती प्रतिमा आहे, साधन नव्हे.

१८.
यावर दोन आक्षेप येतील. पहिला: ही केवळ सजावट आहे, तिच्यामुळे तरुण इतिहासाकडे वळतात. वळतात, हे खरे. पण ज्या पत्रामुळे वळले, तेच उद्या बनावट निघाले, तर त्यांचा विश्वास खऱ्या पत्रांवरूनही उडतो. सजावट करायची असेल तर खाली तीन शब्द लिहावेत: 'रचना आजची आहे'. दुसरा आक्षेप: मोडी वाचणार कोण? हा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो, कारण त्याचे उत्तर जमिनीशी आणि घरांशी जोडलेले आहे.

१९.
२०२३ साली राज्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुनी दफ्तरे उघडावी लागली आणि मोडी वाचकांची गरज सर्वांना एकाएकी जाणवली. कुणाच्या भूमिकेशी कुणी सहमत असो वा नसो, एक गोष्ट उघड झाली: आपल्याच आजोबा-पणजोबांच्या नोंदी वाचायला आपल्याला दुभाष्या लागतो. भोसल्यांच्या नागपूर राज्याचा मराठी कारभार मोडीत चाले. हुडकेश्वरसारख्या वस्त्यांत शेतांचे भूखंड झाले, त्या शेतांच्या जुन्या मालकांपैकी एखाद्याच्या पेटीत असा कागद निघाला, तर त्यातला शेताचा बांध वाचणारा माणूस त्या गल्लीत असेल का? मोडीसारखा दिसणारा टंक फोनवर उतरवायला एक मिनिट लागते. त्याने तो कागद वाचता येत नाही.

२०.
म्हणून माझे म्हणणे तीन सूत्रांत मांडतो. एक: हस्ताक्षरी टंक जिथे सलगी हवी तिथे खुशाल वापरावा आणि जिथे साक्ष हवी तिथून दूर ठेवावा. दोन: इतिहासाच्या पानावर पत्राची ओळ द्यायची असेल, तर मूळ कागदाचे छायाचित्र द्यावे, ते नसेल तर साध्या पुस्तकी टंकात लिप्यंतर द्यावे. साधे अक्षर मूळ हात असल्याचा दावा करीत नाही, हाच त्याचा सभ्यपणा. तीन: जे रचनाकार आहेत, त्यांनी रोमनच्या सैल अक्षरांकडे पाहून देवनागरी वाकवण्याऐवजी चिटणिसांची दफ्तरे उघडावीत. जोर देण्यासाठी, अवतरणासाठी, समासातल्या टिपेसाठी बालबोधीला एक धावता जोडीदार हवा आहे. त्याचे नमुने रुमालांत बांधून ठेवलेले आहेत.

२१.
आणि जे केवळ वाचक आहेत, त्यांच्यासाठी एक छोटे काम. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग भरवते, अनेक संस्थाही शिकवतात. मूळाक्षरे ओळखीची होण्यास फार दिवस लागत नाहीत. वाचनाचा सराव मात्र अनेक महिने मागतो. आरंभ आजच करता येईल. एक कोरा कागद घ्या, डावीकडून उजवीकडे एक लांब रेघ ओढा, आणि हात न उचलता तिच्याखाली स्वतःचे नाव लिहिण्याचा प्रयत्न करा. पहिल्यांदा ते वेडेवाकडे येईल. दुसऱ्यांदा वेगळेच येईल. तो वेगळेपणा कोणत्याही टंकात मिळत नाही, आणि इतिहासकाराचे काम तिथूनच सुरू होते.